अक्रोड, हळद आणि नाकातली नळी : एका यादीची उलटतपासणी

मंडळी, एरवी वाचायला कोणता पेपर घ्यायचा ते मी ठरवते. या वेळचा विषय घरातून आला.

गेल्या पावसाळ्यात माझा आतेभाऊ रात्री कामावरून खारबावला परतताना बाईकवरून पडला. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, मग बरेच दिवस आयसीयू. घरी आणलं तेव्हा तो डोळे उघडायचा, सांगितलं की हात दाबायचा, पण गिळता येत नव्हतं. नाकातून पोटात नळी होती. आत्याच्या परवानगीने एवढं लिहितेय.

त्या दिवसांत आत्याच्या मोबाईलवर एक यादी आली. मेंदूला इजा झाल्यावर लवकर बरं करणारे दहा पदार्थ. अक्रोड, बदाम, हळदीचं दूध, फिश ऑइलच्या कॅप्सूल, पालक, बेरी वगैरे. प्रत्येकापुढे तेच वाक्य : संशोधनातून सिद्ध झालं आहे. आत्याचा फोन आला, "तू येवढी शिकलीस, बघून सांग ना, यातलं काय काय आणू?" मी तेव्हा दिवा-वसई गाडीत होते. पबमेड उघडलं, तीन पेपरांचे सारांश चाळले आणि आत्याला मेसेज टाकला : "हळद आणि फिश ऑइल चालेल आत्या, त्यावर पेपर आहेत."

पेपर खरंच होते. मी खोटं काही बोलले नव्हते. तरीही उत्तर चुकीचं होतं, आणि ते का चुकीचं होतं हे समजायला मला पुढचे काही आठवडे लागले. म्हणून ही पोस्ट त्या यादीची समीक्षा आहे, आणि माझ्या त्या मेसेजचीही. तुमच्यातले बरेच जण पेट, नेट, मुलाखतीच्या तयारीत आहेत. उद्या तुम्हालाही घरून असा फोन येणार आहे, त्याची तयारी कुठल्याच पेपरात येत नाही.

हळद : डोस बरोबर निघाला, वेळ चुकली

यादीतल्या हळदीमागे जो पेपर सगळ्यात जास्त सापडतो तो २००६ चा आहे. 'एक्सपेरिमेंटल न्यूरॉलॉजी' या नियतकालिकातला, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गोमेझ-पिनिया यांच्या गटाचा. उंदरांना (म्हणजे रॅट, मोठे उंदीर) आहारातून कर्क्युमिन दिलं, मेंदूला ठरावीक ताकदीची सौम्य इजा केली आणि मग पाण्याच्या हौदात वाट शोधायला लावली. कर्क्युमिन खाल्लेल्या उंदरांची स्मरणशक्ती जास्त टिकली, मेंदूतलं ऑक्सिडेशनचं नुकसान कमी दिसलं. प्रयोग नीट केलेला आहे, मला त्यात खोट काढायची नाही.

असा पेपर हातात आला की आपण विद्यार्थी पहिला हल्ला डोसवर करतो. "उंदराला दिलेला डोस माणसाला द्यायचा तर किलोभर हळद खावी लागेल!" हे वाक्य जर्नल क्लबमध्ये टाळ्या मिळवतं. पण गणित करून बघा. आहारात दर दहा लाख भागांत ५०० भाग कर्क्युमिन होतं, म्हणजे किलोभर खाद्यात अर्धा ग्रॅम. ३०० ग्रॅमचा उंदीर दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास खातो, म्हणजे १० मिलीग्रॅम कर्क्युमिन. किलोमागे साधारण ३३ मिलीग्रॅम. उंदरावरून माणसाकडे येताना शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने ६.२ ने भागायची पद्धत आहे. ६० किलोच्या माणसाला रोज ३२० मिलीग्रॅम येतं. हळदीत कर्क्युमिन ढोबळमानाने ३ टक्के धरा, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम हळद. खूप आहे, पण किलोभर नाही. डोसवरून पेपर उडवून लावणारा मुलाखतीत इथेच पडतो.

खरी अडचण पद्धतीच्या विभागात आहे आणि ती सारांश भराभर वाचताना निसटते. उंदरांना कर्क्युमिन इजेच्या आधी चार आठवडे दिलं होतं. पेपरचा प्रश्न असा होता : आधीपासून विशिष्ट आहार असेल तर मेंदू धक्का जास्त सोसतो का? आत्याचा प्रश्न होता : धक्का बसून गेलाय, आता काय? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. पूर येण्याआधी बांध घालणं आणि पूर ओसरल्यावर शेतातला गाळ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आमच्या खाडीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आणखी एक. तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन आतड्यात आणि यकृतात झपाट्याने बदलतं, रक्तात फार थोडं पोचतं. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनच्या रसायनशास्त्रावर एक मोठा आढावा आला. त्याचा निष्कर्ष रोखठोक होता : शंभराहून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी-अंध, प्लासिबोशी तुलना केलेली यशस्वी चाचणी एकही नाही. हळद भाजीत घाला, दुधात घाला, आवडते म्हणून घाला. "सिद्ध झालं आहे" हे शब्द मात्र मागे घ्यायला हवेत.

फिश ऑइल : मोजलं काय?

ओमेगा-३ च्या बाबतीत वेळेचा आक्षेप लागू होत नाही. २०११ मध्ये मिल्स, बेल्स आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी'त छापलेल्या प्रयोगात उंदरांना फिश ऑइल इजेनंतर दिलं, ३० दिवस, किलोमागे १० किंवा ४० मिलीग्रॅम. जखमी अक्षतंतूंची संख्या लक्षणीय कमी झाली. अक्षतंतू म्हणजे चेतापेशीची लांब तार, ज्यातून संदेश पुढे जातो. डोक्याला जोराचा हिसका बसला की या तारा ताणल्या जातात आणि काही तुटतात. त्या कमी जखमी दिसल्या, ही चांगली बातमी.

आता पुढचा प्रश्न विचारायचा : मोजलं काय? इथे मोजल्या मेंदूच्या कापांवरच्या रंगलेल्या तारा. आत्याला काय हवंय? मुलगा स्वतःच्या हाताने जेवेल का, शौचाला जाईल का, कामावर परतेल का. या दोन मोजमापांमध्ये अंतर आहे आणि ते आपोआप भरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सुधारलेली गोष्ट माणसाच्या आयुष्यात दिसतेच असं नाही. अशा मधल्या मोजमापाला पर्यायी निष्पत्ती म्हणतात. पेपर वाचताना पेन्सिलने तिच्याखाली रेघ मारायची सवय लावून घ्या.

फिश ऑइलमागे एक गोष्टही आहे आणि ती पेपरपेक्षा जास्त फिरते. २ जानेवारी २००६ ला अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो कोळसाखाणीत स्फोट झाला. अडकलेले बारा जण दगावले, रँडल मॅक्लॉय हा एकटा चाळीस तासांहून जास्त काळ विषारी वायूत राहून वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत वर सांगितलेले बेल्स होते, त्यांनी त्याला ओमेगा-३ चे मोठे डोस दिले. तो चालत घरी गेला. गोष्ट खरी आहे. पण त्याची इजा कार्बन मोनॉक्साइडने झालेली, म्हणजे प्राणवायू न मिळाल्याची, डोकं आपटल्याची नव्हे. त्याला दाबाखालचा प्राणवायूही दिला होता, शिवाय आयसीयूतले बाकीचे सगळे उपचार. यातल्या कशाने तो वाचला? एका माणसाकडे बघून सांगता येत नाही. अशा गोष्टीतून प्रश्न सुचावा, प्रयोग सुरू व्हावा. उत्तर म्हणून ती वापरायची नाही.

आणि हो, मी "चालेल" म्हटलेली कॅप्सूल. बाटलीवर मोठ्या अक्षरात १००० मिलीग्रॅम. मागे बारीक अक्षरात दोन ओमेगा-३ आम्लं, १८० आणि १२०. म्हणजे हजारातलं तीनशे कामाचं, उरलेलं साधं तेल. पैसे हजाराचे.

अमिनो आम्लं आणि सिटिकोलिन : किती जणांवर?

आमच्या भिवंडीतल्या गोदामांतून प्रोटीन पावडरचे डबे राज्यभर जातात, त्यामुळे बीसीएए हे नाव इथल्या जिमला जाणाऱ्या पोरांना पाठ आहे. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही शाखायुक्त साखळीची तीन अमिनो आम्लं. यादीत तीही होती. त्यांच्यामागचा पुरावा उंदरांपाशी थांबत नाही, हे मान्य करायला हवं. २०१० मध्ये 'पीएनएएस'मध्ये छापलेल्या प्रयोगात मेंदूला इजा झालेल्या छोट्या उंदरांना ही आम्लं पिण्याच्या पाण्यातून दिल्यावर त्यांची बिघडलेली शिकण्याची क्षमता पुन्हा सुधारली. त्याआधी, २००५ मध्ये, इटलीत अक्विलानी यांच्या गटाने गंभीर इजा झालेल्या ४० रुग्णांवर चाचणी केली होती. रोज १९.६ ग्रॅम, १५ दिवस, शिरेतून. अपंगत्वाच्या मोजपट्टीवर सुधारणा दिसली.

माणसांवर, इजेनंतर, आणि मोजमापही माणसाच्या क्षमतेचं. तीनही कसोट्या पार! मग अडलं कुठे? संख्येवर. ४० रुग्ण म्हणजे एका गटात २०.

इथे वही काढा. समजा प्लासिबो गटात ३५ टक्के रुग्ण चांगले बरे होतात आणि आपला पदार्थ ते ४५ टक्क्यांवर नेतो. दहा टक्क्यांचा हा फरक प्रत्यक्षात फार मोठा आहे, एवढं मिळालं तर सगळे नाचतील. तो ८० टक्के खात्रीने पकडायचा, नेहमीच्या ५ टक्के पातळीवर, तर एका गटात किती हवेत? नेहमीच्या सूत्रात आकडे घाला : ७.८४ गुणिले (०.३५ × ०.६५ अधिक ०.४५ × ०.५५), भागिले ०.१ चा वर्ग. उत्तर ३७२ च्या आसपास. दोन गट मिळून साडेसातशे. ४० मध्ये फरक दिसला तर तो खरा असू शकतो, योगायोग असू शकतो, आणि खरा असला तरी फुगलेला असण्याची शक्यता जास्त, कारण छोट्या चाचणीत फक्त मोठेच फरक चाळणीवर उरतात.

"मग मोठी चाचणी करून बघायची ना!" हे एका पदार्थाच्या बाबतीत झालंय, आणि ते प्रत्येक संशोधन-इच्छुकाने वाचायलाच हवं. सिटिकोलिन. पेशीच्या आवरणाला लागणाऱ्या घटकाचा हा पूर्वपदार्थ. यंत्रणा सुंदर, प्राण्यांवरचे निकाल आशादायक, छोट्या चाचण्या अनुकूल. आपल्याकडेही त्याच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. अमेरिकेतल्या आठ ट्रॉमा सेंटरांनी २००७ ते २०११ दरम्यान १,२१३ रुग्ण घेतले, निम्म्यांना रोज २,००० मिलीग्रॅम सिटिकोलिन, निम्म्यांना प्लासिबो, ९० दिवस. चाचणीचं नाव कोब्रिट, निकाल २०१२ च्या 'जामा'त. कामकाजाच्या मुख्य मोजपट्टीवर अनुकूल निकाल : सिटिकोलिन ३५.४ टक्के, प्लासिबो ३५.६ टक्के.

हे दोन आकडे मी माझ्या टेबलासमोर चिकटवलेत. यंत्रणा सुंदर असणं आणि उपाय लागू पडणं यांच्यात किती अंतर असतं ते यातून कळतं. (घरात कुणाला हे औषध चालू असेल तर ही पोस्ट वाचून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

आणि "निदान अपाय तरी नाही ना?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण, पदार्थाचं नाही पण याच आजाराचं. डोक्याच्या इजेनंतर सूज कमी करायला स्टिरॉइड द्यायची रीत काही दशकं होती. सूज वाईट, स्टिरॉइडने सूज उतरते, तर्क बिनतोड. क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्ण घेतले. २००४ मध्ये निकाल आला : दोन आठवड्यांतले मृत्यू स्टिरॉइड गटात २१.१ टक्के, प्लासिबो गटात १७.९ टक्के. ज्याला मदत समजत होते, त्याने माणसं जास्त गेली.

यादीत नसलेला पदार्थ

आता मूळ मुद्द्याकडे. मेंदूच्या इजेत आहाराचं काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणत नाहीये. उलट आहे. यादीतल्या दहा पदार्थांपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा ज्याच्यामागे आहे, तो पदार्थ यादीत नव्हताच. तो म्हणजे पुरेसं जेवण. वेळेवर, पुरेशा कॅलरी, पुरेशी प्रथिनं.

डोक्याला गंभीर मार लागला की शरीर एखाद्या मोठ्या भाजण्यासारखं पेटतं. निपचित पडलेला रुग्ण विश्रांतीच्या गरजेपेक्षा बराच जास्त, साधारण १४० टक्क्यांपर्यंत, ऊर्जा जाळू शकतो. बाहेरून मिळाली नाही तर ती स्नायू तोडून घेतो.

१९८३ मध्ये केंटकीच्या रॅप आणि सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांची चाचणी छापली. १८ जणांना नळीने पोटात, २० जणांना शिरेतून अन्न. नळीच्या गटात ८ दगावले, शिरेच्या गटात एकही नाही. वाचून पहिला निष्कर्ष काय निघतो? शिरेतून दिलेलं अन्न चांगलं. पण तक्त्यात खाली बघा. शिरेच्या गटाला दिवसाला सरासरी १,७५० कॅलरी पोचल्या, नळीच्या गटाला ६८५, कारण इजेनंतर पोटाची हालचाल मंदावते आणि नळीने दिलेलं पुढे सरकत नाही. म्हणजे तुलना मार्गांची वाटत होती, प्रत्यक्षात ती पोट भरलेल्यांची आणि उपाशी राहिलेल्यांची होती. १९८७ मध्ये केंटकीच्याच गटाने ५१ रुग्णांवर पुन्हा तुलना केली, तेव्हा मृत्यूंमधला तो प्रचंड फरक टिकला नाही.

२००८ मध्ये हार्टल आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ७९७ गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. पाच दिवसांत अन्न सुरू न झालेल्यांत मृत्यूची शक्यता दुप्पट, सात दिवसांत न झालेल्यांत चौपट. किलोमागे दर १० कॅलरी कमी पडल्या की मृत्यूचा धोका ३० ते ४० टक्के जास्त. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने २०१२ मध्ये ६७ रुग्णांचा अभ्यास छापला, त्याचीही दिशा तीच : पूर्ण आहार जितका उशिरा, तितका निकाल वाईट.

यावर मार्गदर्शक तत्त्वं उभी आहेत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात सांगितलं : पहिल्या २४ तासांत अन्न सुरू करा, गरजेच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा आणि किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, दोन आठवडे. त्याच अहवालात ओमेगा-३, क्रिएटिन, कोलीन, झिंक यांवरही प्रकरणं आहेत. त्यांच्याबद्दलचा सूर मुख्यतः 'अजून अभ्यास करा' असा. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या आवृत्तीत मूलभूत ऊर्जेची गरज पाचव्या दिवसापर्यंत, फार तर सातव्यापर्यंत, भरून काढायला सांगितलंय.

आता आपल्या बाजूचीही उलटतपासणी

मला आवडलेला निष्कर्ष म्हणून हार्टल यांचा पेपर सुटणार नाही. तो नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नाही. जो रुग्ण जास्त गंभीर, त्याचा रक्तदाब ढासळतो, पोट अन्न स्वीकारत नाही, डॉक्टर अन्न थांबवतात, आणि तो दगावतोही. मग उशिरा अन्नामुळे मृत्यू, की गंभीरपणामुळे दोन्ही? लेखकांनी वय, शुद्धीची पातळी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या, सीटी स्कॅन यांचा हिशेब लावून हा गोंधळ कमी केलाय. कमी केलाय, संपवलेला नाही. दुसरा प्रश्न : तिसऱ्या दिवशी गेलेला रुग्ण 'पाच दिवसांत अन्न नाही' या गटात मोजायचा का? असा अभ्यास हातात आला की पद्धतीच्या विभागात याचं उत्तर आधी शोधा.

तरी मी या पुराव्याला यादीपेक्षा वरचं स्थान देते. का? माणसांवरचा आहे, मृत्यूसारखं ठोस मोजमाप आहे, वेगवेगळ्या देशांतून दिशा तीच येते, मात्रा वाढली की परिणाम वाढतो, आणि यंत्रणाही समजते. एकही दुवा एकटा पुरेसा नाही, सगळे मिळून वजन पडतं. अजून एक मर्यादा : हा पुरावा मुख्यतः पहिल्या आठवड्यांचा. घरी आलेल्या, महिने उलटलेल्या रुग्णाबद्दल तो सरळ बोलत नाही. तिथे साधा नियम उरतो. उपासमार कुणालाही बरं करत नाही.

घरी काय झालं

माझ्या मेसेजनंतर कॅप्सूल आल्या, अक्रोडही आले. आत्या अक्रोडाची पूड दुधात कालवून नळीतून द्यायची. एका रात्री नळी तुंबली. पाणी जाईना, औषध जाईना. रिक्षा करून मुलाला हॉस्पिटलला नेलं, नळी बदलली. नळी घालताना तो किती तळमळतो ते मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. अक्रोडाचे बारीक कण अडकले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आत्याला विचारलं, "दिवसभरात काय काय देतेस?" सात वेळा, प्रत्येकी एक पेला. तीनदा दूध, दोनदा भाताची पातळ पेज, दोनदा गाळलेल्या वरणाचं पाणी, शिवाय दहा बदामांची पेस्ट. "घट्ट दिलं तर अडकेल म्हणून पातळच ठेवते गं." ढोबळ हिशेब केला. दूध ३९०, पेज १२०, वरणाचं पाणी १००, बदाम ७०. सातशे कॅलरीसुद्धा नाहीत. प्रथिनं तीसच्या आत. ६० किलोच्या पोराला दीड ते अठराशे कॅलरी आणि किमान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. दहा बदामांत प्रथिनं किती? अडीच ग्रॅम. एका अंड्यात सहा.

रॅपच्या तक्त्यातला ६८५ चा आकडा मी वाचलेला होता. तो आमच्याच स्वयंपाकघरात उभा होता आणि मी फिश ऑइलवर मत देत होते.

आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्यांनी यादीतल्या एकाही पदार्थाचं नाव काढलं नाही. डाळ-तांदळाची मऊ खिचडी मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळायची, पूर्ण शिजवलेलं अंडं त्यात वाटायचं, दही, चमचाभर तेल. देताना डोकं उंचावर, नंतरही अर्धा तास तसंच. आधी आणि नंतर नळीत साधं पाणी. आणि तोंडाने काहीही द्यायचं नाही, अगदी चमचाभर हळदीचं दूधही नाही, जोवर गिळण्याची तपासणी होत नाही. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात घातलेलं दूध पोटाऐवजी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. यादीत ही ओळ कुठेच नव्हती.

आज तो गिळतो. मऊ भात आणि खाडीतली मासळी खातो, बोलणं अडखळतं, उजवा हात अजून पूर्ण येत नाही. आहार वाढवल्यामुळे सुधारला का? मला सांगता येणार नाही. तुलनेला दुसरा गट नाही, एकच रुग्ण आहे, आणि बरेच रुग्ण काळानेही सुधारतात. वर मॅक्लॉयच्या गोष्टीला लावलेला नियम मी घरच्या माणसाला लावायचा नाही, असं कसं चालेल? वजन वाढलं आणि नळी पुन्हा तुंबली नाही, एवढं नक्की सांगू शकते.

तुम्हाला फोन येईल तेव्हा

"पेपर आहेत" हे उत्तर नाही. पेपर प्रत्येक गोष्टीवर असतात. कुणावर केलाय, इजेच्या आधी की नंतर, पोटातून की शिरेतून, मोजलं काय, किती जणांवर, आणि मोठ्या चाचणीत टिकलं का, हे सहा प्रश्न विचारायला पद्धतीचा विभाग उघडावा लागतो. गाडीतल्या वीस मिनिटांत ते होत नसेल तर "रात्री वाचून सांगते" म्हणा. त्याने कमीपणा येत नाही.

पण याहून महत्त्वाचं शिकले ते वेगळंच. माझी चूक पेपर वाईट वाचण्याची होतीच, पण त्याआधीची चूक म्हणजे मी यादीने घातलेला प्रश्न तसाच उचलला : कोणता पदार्थ? आत्याला उलट एक साधा प्रश्न विचारला असता, "तो आत्ता काय आणि किती खातोय?", तर नळी तुंबायच्या आधीच सगळं समजलं असतं. संशोधनातही असंच होतं. सोपा, आकर्षक, निधी मिळेल असा प्रश्न समोर तयार असतो, आणि कंटाळवाणा पण खरा प्रश्न स्वयंपाकघरात पेल्यांत मोजायचा राहून जातो.

या वेळचा गृहपाठ : घरच्या ग्रुपवर आलेली अशी कुठलीही एक यादी घ्या, तिच्यातला एकच पदार्थ निवडा, मूळ पेपर शोधा आणि फक्त पद्धतीचा विभाग वाचा. सारांश उघडायचा नाही. काय सापडलं ते कळवा, पुढच्या वेळी त्यातलंच एखादं उदाहरण घेऊ.

आणि हेल्मेट डोक्यावर घाला, हँडलला नाही. त्याच्यावर चर्चा नको.